लताबाईंचा रिकामा हॉल

लताबाईंना एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं, आणि ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. कुणाच्या स्वप्नात सोनं येतं, कुणाच्या स्वप्नात साप. लताबाईंच्या स्वप्नात एक खोली यायची आणि त्या खोलीत काहीच नसायचं.

खोली ओळखीची होती. सायखेड्याला गोदावरीच्या काठच्या मळ्यात त्यांचं माहेर, आणि ही त्या घराची पुढची खोली. सणाच्या आदल्या दिवशी आई ती सारवायला काढायची. मग कणगीपासून बाजेपर्यंत सगळं सामान अंगणात यायचं, खुंटीवरचे कपडेसुद्धा. आई शेणकाल्यात हात घालून कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकत यायची आणि उंबऱ्यावर आली की पोरांना दम भरायची, "वाळेस्तोवर कुणी पाय ठेवला तर तंगडं मोडीन."

लहानगी लता उंबऱ्याबाहेर बसून नुसती बघत राहायची. ओली, हिरवट, गार जमीन. कौलांत बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक तुकडा खाली पडलेला असायचा आणि कुणाला न सांगता हळूहळू सरकायचा. जमीन वाळेल तशी फिकी व्हायची आणि आईच्या बोटांच्या कमानी एकेक करून वर यायच्या. भिंती लांब गेल्यासारख्या वाटायच्या. कुणी अंगणातून हाक मारली तरी खोलीत ती वेगळीच घुमायची. संध्याकाळी सामान आत आलं की लताला रडू फुटायचं. "खूळ लागलंय पोरीला," आई म्हणायची आणि तिच्या हातात झाडू द्यायची.

आता देवाची करणी बघा. जिला रिकाम्या खोलीचं खूळ, तिच्या नशिबी आलेल्या हॉलमध्ये मांजराला अंग झाडायला जागा नव्हती. नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉल तळहाताएवढा. त्यात सोफा, दिवाण, काचेचा टीपॉय, स्वयंपाकघरात मावला नाही म्हणून फ्रीज, आणि एक अख्खी भिंत खाऊन बसलेलं शोकेस. शोकेसमध्ये लताबाईंच्या रुखवतातला मण्यांचा मोर, शिंपल्यांचं देऊळ, क्रोशाचे रुमाल, आणि आहेरात आलेले, खोक्यातून कधी बाहेरच न निघालेले कपबशांचे सेट. सुरुवातीला घेतलं ते हौसेनं, मधे आलं ते आहेरातून, आणि पुढे साठलं ते 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून. या एका वाक्यावर निम्म्या नाशिक रोडची घरं भरलेली आहेत, लताबाई काही जगावेगळ्या नव्हत्या.

शिवाय घड्याळ होतं. खिडकीशेजारच्या भिंतीवरचं, पितळी लंबकाचं, टोले देणारं. फ्लॅट घेतला तेव्हा सासऱ्यांनी चांदवडहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. त्याला दर रविवारी चावी द्यायची. त्याची टकटक इतकी ठसठशीत की नवा पाहुणा बोलता बोलता थांबून वर बघायचा. लताबाईंचं आणि त्या घड्याळाचं कधी जमलं नाही. टोले पडायला लागले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

लताबाईंचे यजमान खंडेराव हे प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिक रोडला 'प्रेस' म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. छापून आलेल्या नोटांवर कुठे डाग पडलाय, कुठे रंग फाकलाय, ते शोधायचं त्यांचं काम. नजर अशी की भाजीतला केससुद्धा सुटायचा नाही, आणि लताबाईंनी त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. त्याच डोळ्यांत काचबिंदू निघाला. वडिलांनाही तोच होता, पण चांदवडला त्याला 'वयाचं' म्हणायचे. खंडेरावांची नजर बाजूंनी मिटत आली, आणि मधे जे उरलं तेही दुधाळ होत चाललं. जे गेलं ते परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

पण माणूस मानी. रोज सकाळी लताबाईंनी चहा केला की खंडेराव स्वयंपाकघराच्या दाराशी येत, कप स्वतः हातात घेत, आणि हॉल ओलांडून खिडकीपाशी जाऊन उभ्याने चहा पीत. तिथे वारा असेल त्या दिवशी स्टेशनवरची घोषणा ऐकू येई. कुठली गाडी लेट आहे ते ऐकून त्यांना उगाचच बरं वाटायचं. लताबाईंनी कोपराला हात लावला की ते झटकत. "धरू नको मला. धरलेल्या माणसाला लोक आजारी समजतात." कुणाचा हात न धरता खिडकीपर्यंत चहा नेणं, एवढीच त्यांच्या दिवसाची इभ्रत उरली होती, आणि लताबाईंना ती त्यांच्याइतकीच जपायची होती. पण टीपॉयवर आपटून त्यांच्या नडग्या काळ्यानिळ्या झालेल्या. आणि एके दिवशी व्हायचं ते झालं. खंडेराव टीपॉयवर आदळले. काच, कप, चहा सगळं एक झालं. जिवावरचं बोटावर निभावलं.

"वाटेतली अडगळ काढा," डॉक्टर म्हणाले. "घर जितकं मोकळं, तितके दिवस हे आपापले फिरतील."

लताबाई दवाखान्यातून परत निघाल्या तेव्हा त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्या वाईटाच्या तळाशी एक आनंदाची उकळी फुटत होती. तिची त्यांना इतकी लाज वाटली की रिक्षात त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही.

पुण्याला नोकरीला असलेल्या लेकीला, सृष्टीला, हे कळताच तिने मोबाईलवर फोटोंचा पाऊस पाडला. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक मडकं, मडक्यात वाळकी काटकी.

"आई, याला मिनिमल म्हणतात."

"काटकी कशाला ठेवली गं?"

"ती सजावट आहे."

"बरं. आणि मग बाकीचं सामान कुठं ठेवलंय त्यांनी?"

"बाकीचं नसतंच, आई."

लताबाईंनी फोन कानाला धरला तसाच धरून ठेवला. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा त्यांचं स्वप्न त्यांना मोठ्याने सांगितलं होतं.

सोफा आणि दिवाण भाच्याने टेम्पोत घालून नेले. शोकेस एका सुताराने नेलं. फ्रीज आतल्या खोलीत गेला. हिरव्या भिंतींना पांढरा रंग लागला. उरली शोकेसमधली खोकी आणि बारीकसारीक वस्तू. त्या टाकवत नव्हत्या आणि ठेवायच्याही नव्हत्या. तेवढ्यात संक्रांत आली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकू करतात आणि आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू देतात. ते वाण. देतात असं म्हणायचं नाही, लुटतात म्हणायचं. कुणी प्लास्टिकच्या वाट्या लुटतं, कुणी चहाची गाळणी. लताबाईंनी त्या वर्षी घर लुटलं. येईल तिच्या कपाळी हळदीकुंकू, हातावर तिळगूळ आणि पदरात एक कोरं खोकं. कॉलनीत बातमी फुटली तशा न बोलावलेल्याही आल्या. सहा कपांचा सेट मिळालेलीने काचेचा बाऊल मिळालेलीकडे ज्या नजरेने बघितलं, ते सांगण्यात अर्थ नाही. मण्यांचा मोर एका नव्या नवरीने मागून नेला. लताबाई हसून एकेक वस्तू देत होत्या आणि त्यांच्या पाठीमागे भिंत मोकळी होत चालली होती.

सगळ्यात शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या कलाबाई आल्या. त्या सगळीकडेच शेवटी येत. त्यांचा फुलांचा धंदा. मळ्यातून फुलं यायची, कलाबाई हार करायच्या, आणि त्यांचे यजमान चंदर स्टेशनबाहेर ते विकायचे. कलाबाईंच्या हॉलमध्ये माणसांपेक्षा झेंडूच्या पाट्या जास्त, आणि जिन्यात पाऊल ठेवलं की शेवंतीचा वास.

"संपलं का वो सगळं?" कलाबाई ओले हात पदराला पुसत म्हणाल्या. "लय उशीर झाला. येळेचं काय कळतच नाय बघा मला."

लताबाईंनी हॉलभर नजर टाकली. द्यायला खरंच काही उरलं नव्हतं. भिंतीवर घड्याळ तेवढं होतं.

"अहो," त्यांनी आतल्या खोलीत आवाज दिला, "घड्याळ देऊ का कलाताईंना?"

"दे की," खंडेराव आतून म्हणाले. "मला आता काटे दिसतात कुठं? आणि तुझ्या कपाळाची आठी तरी जाईल."

कलाबाईंनी घड्याळ तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि जिना ओलांडून नेलं.

दुसऱ्या दिवशी लताबाई आतल्या उंबऱ्यावर बसल्या. हॉलमध्ये एक वेताची खुर्ची, खिडकीत तुळस, आणि खिडकीखाली सासऱ्यांची काळी घोंगडी घातलेली. बाकी काही नाही. पौष-माघाचं तिरपं ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर पडलं होतं. ऊन आधीही येत असणार, पण ते कुठे दिवाणाखाली, कुठे टीपॉयच्या काचेवर फुटून जायचं. आता ते अखंड होतं. ते सरकत होतं. लताबाई त्याच्याबरोबर सरकत होत्या. समोरून शेवंतीचा वास येत होता, आणि किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता, कारण घड्याळ नव्हतं. मधे एकदा त्यांनी हळूच "आई" असं म्हणून बघितलं. खोलीने ते थोडं मोठं करून परत दिलं. लताबाईंना त्या दिवशी आपण फार सुखी आहोत असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

खंडेरावांचं मात्र काहीतरी बिनसलं. कप घेऊन ते दाराशी आले, दोन पावलं टाकली आणि थांबले. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"सगळं पांढरं पांढरं दिसतंय गं," ते म्हणाले. "आज इथंच पितो."

दुसऱ्या दिवशीही इथंच. तिसऱ्या दिवशी ते पुढे गेले आणि भलत्याच भिंतीला जाऊन टेकले. लताबाईंना वाटलं, नवी नवलाई आहे, होईल सवय. आडवं यायला आता काही नाही, मग अडतंय कुठं? आपण डॉक्टरांनी सांगितलं तेच केलं, असं त्या मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मग एका सकाळी लताबाईंनी फरशी पुसली आणि लवकर वाळावी म्हणून बाहेरचं दार उघडं टाकलं. "वाळेपर्यंत थांबा हं," असं त्यांनी आईच्याच सुरात सांगितलं, खंडेरावांच्या हातात कप दिला आणि त्या मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. कलाबाईंचंही दार उघडं होतं, त्या दारातच हार ओवत बसल्या होत्या. एवढ्यात त्यांच्या घरातल्या घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली.

खंडेरावांचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी त्यांना खिडकी कुठे आहे ते नेमकं कळलं होतं. ते कप हातात घेऊन ताठ मानेने, सरळ, टोल्यांच्या दिशेने चालू लागले. हॉल ओलांडला. उंबरा ओलांडला. जिन्यावरच्या जाळीतून येणारा उजेड त्यांना खिडकीचाच वाटला. डाव्या हाताला जिना खाली उतरत होता, त्याचा त्यांना पत्ताही नव्हता. टोले थांबले तशी त्यांची चाल चुकली, आणि त्यांचा एक पाय पायरीच्या काठावरून पुढे गेला.

कलाबाईंनी हार फेकला आणि त्यांचा हात धरला. कप जिन्यावरून खाली गेला.

"भाऊ! अवो लताताई, या वो लवकर!"

लताबाई धावत आल्या. झेंडूची फुलं जिनाभर पसरली होती, चहाचा ओघळ पायऱ्या उतरत होता, आणि खंडेरावांनी कलाबाईंचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"खिडकी कुठं गेली?" ते विचारत होते. "अगं, खिडकी कुठं गेली?"

लताबाईंनी खाली जाणाऱ्या पायऱ्या बघितल्या. जिन्याची भीती होतीच, पण त्याहून ते दोन हात बघवेनात. कुणाला कोपराला हात लावू न देणारा माणूस, आणि आता तो हात सोडायला तयार नव्हता.

घरात येऊन खंडेराव वेताच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी घड्याळाच्या मागं मागं जायचो गं रोज. मलाच ठाऊक नव्हतं. दे म्हणालो मीच."

आता कुणी म्हणेल, मग आणायचं घड्याळ परत, त्यात काय एवढं? म्हणणाऱ्याने आपल्या आईला विचारून बघावं. लुटलेलं वाण परत मागत नाहीत. मागणं म्हणजे आपलं सौभाग्यच परत मागणं. लताबाई एरवी असल्या गोष्टींना हसल्या असत्या, पण ज्याच्यासाठी मागायचं त्याच्याच जिवावर बेतेल असं आईने लहानपणापासून कानात घातलेलं होतं. आणि नुकताच तो जीव एका पायरीवरून माघारी आला होता. त्यांची जीभ रेटेना.

पलीकडे कलाबाईंचंही तेच. संध्याकाळी त्या दारात आल्या, "ताई, ते घड्याळ..." म्हणाल्या आणि थांबल्या. सवाष्णीने दिलेलं वाण तिच्या दारात परत नेऊन द्यायचं म्हणजे तिच्या तोंडावर मारायचं. "लय छान चालतंय," असं काहीतरी म्हणून त्या वळल्या. दोघींना एकमेकींच्या मनातलं कळत होतं आणि दोघी गप्प होत्या. मधे जिन्याची चिंचोळी जागा, आणि तीही ओलांडवत नव्हती.

सृष्टीने पुण्याहून दुसरं घड्याळ मागवून दिलं. पांढरं, गोल, आकडे नसलेलं. लताबाईंनी ते कानाला लावून बघितलं. आवाजही नव्हता.

तीच खोली आता लताबाईंना खायला उठायची. ऊन यायचं, सरकायचं, जायचं. खंडेराव स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून चहा प्यायचे आणि "बरं वाटतं इथं पण" म्हणायचे. आपल्या स्वप्नासाठी आपण या माणसाची वाट पुसून टाकली, हे लताबाईंना भांडी घासताना, केर काढताना, कधीही आठवायचं आणि डोळे भरून यायचे. एकदा तर भाच्याकडून दिवाण परत मागवावा असंही मनात आलं. पण दिवाण टकटक करत नाही.

रथसप्तमी एका दिवसावर आली. दुपारी दार वाजलं. कलाबाई उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, अंबाड्यात गजरा, हातात कुंकवाचा करंडा.

"लताताई, संध्याकाळी हळदीकुंकवाला या."

लताबाई बघतच राहिल्या. कलाबाईंच्या घरी कधी हळदीकुंकू झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "तुमच्याकडं? आणखी कोण कोण आहे?"

"तुम्हीच." कलाबाईंनी त्यांच्या कपाळाला बोट लावलं. "आजवर केलं नाय कधी. येळच नाय गावायचा. आता घरात घड्याळ हाय, येळ कळाया लागली."

संध्याकाळी कलाबाईंनी सगळ्या पाट्या भिंतीला सरकवून हॉलच्या मधोमध एक पाट मांडला होता. भोवती झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी. बाकी जमीन स्वच्छ, मोकळी. लताबाई पाटावर बसल्या. कलाबाईंनी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, हातावर तिळगूळ ठेवला. मग आत गेल्या आणि नव्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी घेऊन आल्या. टॉवेलाच्या आत टोल्याची तार हळूच झणझणली.

"कलाताई..."

"वाण हाय. वाणाला नाय म्हणायचं नसतं."

"अहो, पण हे..."

"तुमचं तुम्ही लुटलं, ते झालं," कलाबाई जरा रागानेच म्हणाल्या. "हे माझं हाय. माझं मी कुणालाबी देईन."

लताबाईंनी पदर पसरला. घड्याळ पदरात पडलं तशा त्या वाकल्या आणि पाटावर बसल्या बसल्याच हुंदके देऊन रडल्या. कलाबाईंनी त्यांना रडू दिलं, मग त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. "उठा आता. लंबकाला शेवंती बांधलीय, सोडून मग टांगा. नायतर येळ मागं पडंल."

रथसप्तमीच्या सकाळी लताबाईंनी हॉल पुसला. बाहेरचं दार आठवणीने लावलं. घड्याळ जुन्याच खिळ्यावर होतं. त्या पांढऱ्या भिंतीवर आणि एवढ्या मोकळ्या जागेत त्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा वाटत होता. खोलीच्या मधोमध ऊन पडलं होतं. त्यांनी चहा केला, कप खंडेरावांच्या हातात दिला आणि उंबऱ्यावर बसल्या.

खंडेराव दाराशी थांबले. मान किंचित कलती केली. मग निघाले. एक पाऊल, दुसरं पाऊल, घाई नाही, चाचपणं नाही. हात कुठेही पुढे केलेला नाही. उन्हात पोचले तसे क्षणभर रेंगाळले.

"ऊन आलंय होय?"

"आलंय. तुमच्या पायांवर आहे."

"लागतंय," ते म्हणाले आणि पुढे गेले. तळव्याला घोंगडी लागली तसे थांबले, तुळशीला हात लावून पाहिला आणि खिडकीत उभे राहून चहाचा पहिला घोट घेतला. स्टेशनवर कुठलीतरी गाडी लेट होती.

लताबाई फरशीकडे बघत होत्या. ती अजून ओली होती, आणि तिच्यावर खंडेरावांच्या पावलांचे ठसे उमटले होते, दारापासून खिडकीपर्यंत, एका रेघेत. वाळेस्तोवर कुणी पाय ठेवायचा नाही, हा आईचा दंडक आज मोडला होता. लताबाईंनी गुडघे पोटाशी घेतले आणि ते ठसे वाळून जाईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.